प्रवाळं रुसतात तेव्हा

सगळ्यात आधी टाकीतून हात बाहेर काढ, मुक्ता. टॉर्च प्रवाळ मिटून बसलंय, झोआ पॉलिप उघडत नाहीत, हे फोटोत दिसलं. शेजारच्या फळीवर तू आणून ठेवलेल्या बाटल्याही दिसल्या. त्यातली एकही आज उघडू नकोस. प्रवाळाकडे दुखणं सांगायच्या खुणा फार थोड्या असतात. ते मिटतं, त्याचा रंग जातो, किंवा मांस सांगाड्यावरून सुटायला लागतं. कारणं मात्र शंभर असू शकतात, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात घात करतो. म्हणून औषधाच्या आधी स्वतःला विचार, गेल्या दोन-तीन आठवड्यांत या टाकीत काय बदललं? नवा दिवा, मिठाची नवी बादली, नवा मासा, साफ केलेला पंप, फिल्टरचा बदललेला कार्बन, घरात झालेलं पेस्ट कंट्रोल, काहीही. जवळजवळ सारख्याच पाण्यात पिढ्यान् पिढ्या वाढलेला हा जीव आहे. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी पाणी स्थिर असेल तर तो निभावून नेतो. रोज कुणीतरी सुधारत असलेलं पाणी त्याला सोसत नाही.

मग नेमकं कोण रुसलंय ते बघ. माझा सगळ्यात जास्त विश्वास या आडाख्यावर आहे. सगळीच्या सगळी प्रवाळं एका दिवसात मिटली असतील तर दोष पाण्यात किंवा तापमानात आहे, नाहीतर पाण्यात काहीतरी विषारी गेलंय. एकच प्रवाळ रुसलंय आणि त्याच्या शेजारची मजेत फुललीयत, तर पाण्याच्या मागे लागू नकोस. त्या एकाची जागा, त्याच्यावरचा उजेड, त्याला लागणारा प्रवाह, त्याचा शेजारी आणि त्याला चावणारा कोणी, एवढंच तपास. मऊ प्रवाळं ठणठणीत आणि सांगाडा बांधणारी खंगतायत, तर अल्कलिनिटीवर संशय घे. आणि प्रवाळांबरोबर गोगलगायी पालथ्या पडायला लागल्या, कोळंबी दिसेनाशी झाली, तर धातूचा, विशेषतः तांब्याचा विचार आधी कर, कारण बिनकण्याच्या प्राण्यांना तांबं फार थोड्या प्रमाणातही मारतं.

बघण्याचीही एक रीत आहे. रोज एकाच वेळी बघ. सकाळी दिवे लागताना आणि रात्री मालवताना प्रवाळ वेगळं दिसणारच. फोटो पांढऱ्या उजेडात काढ. निळ्या दिव्याखाली मरायला टेकलेलं प्रवाळही झगमगतं. लेदर प्रवाळ अधूनमधून आठवडाभर मिटून, अंगावर मेणचट पापुद्रा धरून बसतं. तो त्याचा कात टाकण्याचा काळ असतो, त्याच्याकडे थोडा जास्त प्रवाह वळव आणि सोडून दे. नव्याने आणलेला फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा कापून लावलेला तुकडा, आठ-दहा दिवस रुसला तर तेही साधारणच. आणि एकदा खुर्ची टाकीपासून चांगली लांब ठेवून अर्धा तास नुसती बसून राहा. तू जवळ असलीस की मासे खायला मिळेल म्हणून काचेपाशी येतात आणि साळसूद वागतात. लांब गेलीस की छोटा एंजलफिश टॉर्चचे तंतू टोचताना दिसतो, क्लाउनफिशचं जोडपं हॅमर प्रवाळात इतकं अंग घासतं की ते उघडायचंच सोडून देतं, पेपरमिंट कोळंबी प्रवाळाच्या तोंडातला घास ओढून काढते. हे कुठल्याही टेस्ट किटमध्ये दिसत नाही. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने लाल उजेडाची बॅटरी घेऊन आणखी एक फेरी मार.

आता मोजमाप. क्रम माझा ठरलेला आहे: तापमान, सॅलिनिटी, अल्कलिनिटी. या तिघांतून सुटल्याशिवाय चौथ्याकडे जायचं नाही.

तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस असू दे, आणि दोन वेगवेगळ्या थर्मामीटरनी मोज. हीटर बंद पडला तर पाणी हळूहळू गार होतं. चालू अवस्थेत अडकला तर एका रात्रीत टाकी उकडते. म्हणून हीटर नेहमी वेगळ्या कंट्रोलरवर लाव. तुमच्याकडे टेक्सासच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला तर पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोड, बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात. मात्र पाणीही भराभर उडतं, त्याची भरपाई लक्षात ठेव.

सॅलिनिटी ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. काट्याचं हायड्रोमीटर फेकून दे, काट्याला एक बुडबुडा चिकटला की ते खोटं बोलतं. रिफ्रॅक्टोमीटर चांगला, पण तो शून्याच्या पाण्याने नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घे. शून्यावर बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर पस्तिशीला चुकू शकतो. 'माझं पाणी तर बरोबर आहे' असं म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचं पाणी इथेच बिघडलेलं असतं. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं शुद्ध पाणी घालायचं, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. ते गोडं पाणीही आरओडीआय फिल्टरचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य दाखवणारं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, आणि घरातली नळजोडणी तांब्याची असेल तर तांबंही.

अल्कलिनिटीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या अनुभवात सांगाड्याच्या प्रवाळांची निम्मी रुसणी इथे सुटतात. प्रवाळ सांगाडा बांधतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा. कॅल्शियम समुद्रात भरपूर, साधारण ४२० पीपीएम. कार्बोनेटाचा साठा, म्हणजेच अल्कलिनिटी, मात्र तुटपुंजा, समुद्रात सुमारे ७ डीकेएच (हे तिचं एकक). प्रवाळांनी २.८ डीकेएच अल्कलिनिटी खाल्ली की त्याबरोबर कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. म्हणजे एका साठ्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल संपतो, तेव्हा दुसऱ्यातला विसावा हिस्साही जेमतेम गेलेला असतो. म्हणून कॅल्शियमचा आकडा छान दिसतो आणि सांगाडा बांधणारी अ‍ॅक्रोपोरा तळापासून पांढरी पडत जाते.

७ पासून ९ पर्यंत कुठलाही आकडा धर, तो तसाच राहू दे. आज संध्याकाळी सातला मोज, उद्याही सातलाच, त्याच किटने, वहीत लिही. आज ८.२ आणि उद्या ७.७ आली, तर तुझी टाकी दिवसाला अर्धा डीकेएच खाते. तेवढंच रोज, शक्यतो थेंबाथेंबाने, परत दे. दिवसाला एक डीकेएचच्या वर कधीही चढवू नकोस, अर्ध्यावर थांबलीस तर आणखी बरं. आकडा ५.५ आला म्हणून एका दुपारी ९ वर नेणं हे प्रवाळाला ५.५ पेक्षा जास्त महागात पडतं. मिठाची नवी बादली उघडलीस की त्या नुसत्या नव्या पाण्याची अल्कलिनिटी आधी मोज. काही मिठं ११-१२ डीकेएचची येतात, आणि मग पाणी बदलण्याचं पुण्यकर्मच टाकीला झटका देतं. अल्कलिनिटी कितीही दिली तरी टिकत नसेल, पाणी पांढुरकं होत असेल, तर मॅग्नेशियम बघ. ते १२५० ते १३५० पीपीएम असायला हवं, नाहीतर कॅल्शियम आणि कार्बोनेट प्रवाळाऐवजी हीटरवर आणि पंपावर जाऊन बसतात.

लहान टाकीला चुन्याची निवळी मला अजूनही सगळ्यात आवडते. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी युरोपातल्या हौशी लोकांना ती वापरायला शिकवलं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही ती योग्य प्रमाणात देते. उडालेल्या पाण्याच्या जागी हीच निवळी रात्रभर ठिबकत ठेवायची, कारण तिचा पीएच १२ च्या वर असतो आणि रात्री टाकीचा पीएच तसाही उतरलेला असतो. वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं, खालचा गाळ नाही. पानाला लावायच्या डबीतला चुना मात्र वापरू नकोस, त्यात काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही.

नायट्रेट आणि फॉस्फेटबद्दल जुन्या लोकांनी आम्हाला शून्याचा ध्यास लावला होता. तो सोड. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १५ पीपीएम हे तुझ्यासारख्या मिश्र टाकीला मानवतं. दोन्ही शून्यावर गेली की प्रवाळं फिकट होतात, उपाशी राहतात, आणि मोकळ्या पडलेल्या वाळूवर डायनोफ्लॅजेलेट पसरतात, तपकिरी, चिकट, बुडबुडे अडकलेली शेंबडासारखी जाळी. तुझ्या वाळूवर तेच असावं असा मला दाट संशय आहे. वाळू साफ करण्याआधी फॉस्फेट मोज. शून्य निघालं तर माशांना जास्त खायला घाल, पाण्यातला मैला फेसाबरोबर काढणारा स्किमर थोडा ढिला कर. कोरडा खडक आणून उभारलेल्या टाक्यांत हे जास्त होतं. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली, त्यांच्या त्या खडकात सूक्ष्म जीवांचं अख्खं गाव आधीच नांदत होतं. तुझ्या खडकात ते वसायला वर्ष लागेल, आणि त्या वर्षात अ‍ॅक्रोपोरा आणायचीच नाही. उलट फॉस्फेट फार वर गेलं असेल तर ते शोषणारा लोहयुक्त माल आधी निम्म्याच मात्रेत वापर, एका रात्रीत खाली ओढलेलं फॉस्फेटही प्रवाळाला लागतं.

पांढरं पडलेलं प्रवाळ बघून घाबरण्याआधी नखाएवढ्या अंतरावरून नीट बघ. मांस आहे का? पारदर्शक असेल, खालचा सांगाडा दिसत असेल, पण पॉलिप हलत असतील, तर ते जिवंत आहे. त्याने आपल्या पेशींत राहणारं, उजेडातून अन्न करून देणारं शैवाल बाहेर टाकलंय, इतकंच. सी. एम. यंग यांच्या १९२८-२९ च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेत उष्णतेने प्रवाळं शैवाल कशी सोडतात ते प्रयोगाने दाखवलं गेलं होतं, आणि घरच्या टाकीत उष्णतेइतकाच जास्त उजेडही हे करतो. असं प्रवाळ खाली, सावलीत ने, आठवड्यातून दोनदा बारीक खाणं दे आणि महिने मोज. बहुतेक वेळा ते परततं. मांसच नसेल, कोरा सांगाडा आणि जिवंत भाग यांच्यामध्ये स्वच्छ रेघ दिसत असेल, तर तो वेगळा आजार आहे, त्याकडे येतेच.

नवा एलईडी लावलास तर निम्म्या जोरावर सुरुवात कर आणि पाच-सहा आठवड्यांत चढव. झोआ, टॉर्च, लेदर यांना ५० ते १५० पार (प्रवाळाच्या उपयोगी उजेडाचं माप) पुरतं, अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५०. पार मीटर विकत घेऊ नकोस, भाड्याने मिळतो. तपकिरी होत जाणं हे बहुधा कमी उजेडाचं किंवा जास्त पोषणाचं, फिकट होणं जास्त उजेडाचं किंवा उपासमारीचं. आणखी एक, जे दुकानात सांगत नाहीत: खूप दिवसांनी ताजा कार्बन टाकलास की पिवळट पाणी काचेसारखं होतं आणि दिवा न हलवताही प्रवाळांवर जास्त उजेड पडतो. त्या आठवड्यात दिवा थोडा कमी ठेव. प्रवाहाचं थोडक्यात सांगते. टॉर्च आणि हॅमर आळसावल्यासारखे डोलले पाहिजेत. एका बाजूला सपाट दाबले गेले तर सांगाड्याच्या धारेवर त्यांचं मांस फाटतं. अ‍ॅक्रोपोराला उलटसुलट, जोरकस पाणी हवं.

शेजारी तपासताना दिवसा दिसणारं अंतर खरं मानू नकोस. रात्री गॅलॅक्सियाचे लढाऊ तंतू वीतभर पोहोचतात. तुझा टॉर्च आणि त्याच्या डावीकडचं ते गॅलॅक्सिया यांना आजच लांब कर. टाकीतून हात बाहेर ठेवण्याच्या नियमाला हा अपवाद. लेदर आणि सिन्युलारिया ही मऊ प्रवाळं तर स्पर्शही न करता पाण्यात रसायनं सोडून लढतात. त्यांच्यासोबत सांगाड्याची प्रवाळं ठेवायची तर कार्बन कायम चालू हवा.

किडींसाठी भिंग घे. अ‍ॅक्रोपोरावर गोल फिकट चाव्याच्या खुणा आणि बुडाशी सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके म्हणजे चपटे किडे. माँटिपोराच्या खालच्या बाजूला तीन-चार मिलिमीटरचे पांढरे झालरीचे जीव म्हणजे ती खाणारे न्यूडिब्रँक, बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी. झोआ खाणारे न्यूडिब्रँक तर खाल्लेल्या झोआचाच रंग घेतात, म्हणून मिटलेली झोआ मोजून बघ, वाढलेली वाटली तर त्यात एखादी गोगलगायीची बहीण आहे. डिपमध्ये, म्हणजे किडी पाडणाऱ्या द्रावणात, बुडवल्याने किडे पडतात, अंडी मरत नाहीत. ती ब्लेडने खरवडायची आणि आठवड्या-आठवड्याने पुन्हा बुडवायचं. फ्रॅग ज्या खुंटीवर चिकटवलेला येतो ती खुंटी तर सरळ टाकूनच द्यायची.

याखेरीज थांबायचं नाही अशा दोनच वेळा मला माहीत आहेत. पहिली, टॉर्च किंवा हॅमरवर तपकिरी, जेलीसारखा, घाण वासाचा लगदा. लगेच पंप बंद कर, म्हणजे तो लगदा शेजाऱ्यांवर जाणार नाही. बारीक नळीने ओढून बाहेर काढ, ते पाणी टाकीत परत घालू नकोस. फांदीचा प्रकार असेल तर आजारी तोंड खालच्या सांगाड्यासकट कापून टाक, उरलेलं आयोडीनच्या डिपमध्ये बुडव आणि वेगळ्या डब्यात ठेव. दुसरी, अ‍ॅक्रोपोराचं मांस तासातासाला सोलून निघतंय. तिथे वाट बघण्यात सगळंच जातं, निरोगी टोकं कापून वेगळी लाव.

घराचंही बघ. स्किमर खोलीतलीच हवा पाण्यात घुसळतो, म्हणून त्या खोलीत डासांचा फवारा, काच पुसायचा स्प्रे, ताजा रंग, काही नको. उदबत्ती दुसऱ्या खोलीत लाव. हाताला क्रीम लावून टाकीत हात घालू नकोस, कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने खळखळून धू. चुंबकाच्या ब्रशची आणि पंपाची चुंबकं पालथी करून बघ, आवरण तडकलं असेल तर आत गंज असतो. धातूचा संशय पक्का झाला तर कार्बनवर भागणार नाही, धातू शोषणारं माध्यम लाव, पाणी टप्प्याटप्प्याने बदल आणि नमुना प्रयोगशाळेत आयसीपी तपासणीला पाठव. थंडीत खिडक्या बंद, गॅसवर पोळ्या, घरात पाहुणे, अशा दिवशी पीएच ७.८ च्याही खाली गेला तर तो खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम. पीएच वाढवायची पावडर घालू नकोस, तिने अल्कलिनिटी उगाच चढते. खिडकी उघड, किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर काढ.

हे मात्र तुझ्यासाठी, प्रवाळासाठी नाही, आणि यात कुचराई चालणार नाही. झोआ आणि पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. हवाईत माउई बेटावरच्या हाना गावाजवळ सापडणारा असा एक जीव योद्धे भाल्यांच्या टोकांना चोळत, अशी तिथली जुनी कथा आहे. १९७१ मध्ये त्यातलं हे विष शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं, आणि ते माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक निघालं. झोआ कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, हाताला जखम असेल तर कामच नको. त्यांनी व्यापलेला खडक कधीही उकळू नकोस, वाफेवाटेच अख्खं घर आजारी पडतं. गरम पाणी ओतायचं नाही, कोरडा ब्रश मारायचा नाही. कापल्यावर ताप, छातीत दाटल्यासारखं, तोंडात धातूची चव असं काही झालं तर दवाखान्यात जाऊन विषाचं नाव घेऊन सांग.

डिसेंबरात महिनाभर भारतात जाशील. निघण्याआधी दोन आठवडे टाकीत नवं काही नको, ना प्रवाळ, ना दिवा, ना मीठ. मैत्रिणीला खाण्याचा डबा देऊ नकोस, रोजच्या पुड्या बांधून तारखा घालून दे, बाकीचं कुलपात. कळकळीने जास्त खायला घालणारा माणूस टाकीला सगळ्यात घातक. गोड्या पाण्याची टाकी पूर्ण महिन्याची नसेल तर कुठल्या खुणेपर्यंत आणि कुठल्या पिंपातून भरायची ते चिकटपट्टी लावून दाखव. मिठाच्या पाण्याचं पिंप त्या खोलीतून हलव, म्हणजे चुकणारच नाही.

मालवणला उतरशील तेव्हा सिंधुदुर्गाच्या आसपास स्नॉर्केलिंग कर, आपल्या किनाऱ्यावरची प्रवाळं डोळ्यांनी बघून घे. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. उचलायचं मात्र काही नाही, किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडाही नाही. खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या ओळीत. तुला हवं ते अमेरिकेतच, टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा फ्रॅग म्हणून मिळतं, आणि ते समुद्रातून तोडून आणलेल्या प्रवाळापेक्षा टाकीत लवकर रुळतं.

परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी तापमान आणि सॅलिनिटी तेवढी बघून घे. सॅलिनिटी सरकलेली असेल तर दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त हलवू नकोस. अल्कलिनिटी दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, नेहमीच्या सात वाजताच मोज, आणि पहिलं मोठं पाणी बदलणं त्याच्या पुढच्या शनिवारी ठेव.